पैसा पडून आहे, मालक ठाऊक आहे

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेलेल्या महाड-पोलादपूरच्या गावांत एक वाक्य सारखं कानावर येतं: "आमचे पैसे प्रांतात पडून आहेत." जमीन गेली, तिच्यावर काँक्रीट पडलं, गाड्या धावू लागल्या, मोबदला मात्र उपविभागीय अधिकाऱ्यांच्या खात्यातच राहिला. यावर शहाण्यासुरत्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं. लोक कागद करत नाहीत, भावाभावांत भांडतात, मुंबईला जाऊन बसतात. सरकार तरी काय करणार? उपायही ठरलेला: जनजागृती करा, पोर्टल काढा, शिबिर भरवा.

हे उत्तर मला उथळ वाटतं, आणि त्याने नुकसानही होतं. सरकारी आणि निमसरकारी खात्यांत दाव्याविना पडून असलेल्या बऱ्याचशा पैशाचा मालक कोण, हे पैसा धरून बसलेल्या कचेरीला गट नंबरासकट ठाऊक असतं. तरी तो पैसा हलत नाही, कारण मालकी शाबीत करण्याचं सगळं ओझं आपण वारसावर टाकलं आहे आणि मालक शोधण्याचं ओझं धरणाऱ्यावर जवळपास टाकलेलंच नाही. हे उलटं व्हायला हवं. ज्याच्या हातात पैसा, त्यानेच मालकाचं दार शोधत जायचं. या एका मुद्द्यासाठी हा लेख आहे.

१. हा पैसा कुठे कुठे असतो

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुखरा भाग भूसंपादनाच्या मोबदल्याचा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ प्रमाणे रक्कम 'सक्षम प्राधिकाऱ्या'कडे जमा होते आणि हा प्राधिकारी बहुधा प्रांतच असतो. जुन्या १८९४ च्या कायद्याखाली झालेल्या संपादनांत, ज्यांनी पैसे उचलले नाहीत किंवा ज्यांच्या वाट्याबद्दल वाद होता, त्यांची रक्कम दिवाणी न्यायालयात भरली जाई. २०१३ च्या कायद्यात त्या जागी वेगळं प्राधिकरण आलं.

दुसरा भाग अपघाताच्या भरपाईचा. कशेडी आणि आंबेनळी हे दोन घाट ज्या तालुक्यात आहेत तिथे हा विषय परका नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण निकाल देतं, विमा कंपनी रक्कम भरते, आणि दावेदार विधवा तोवर माहेरी किंवा मुलाकडे गेलेली असते. तिसरा भाग कामगारांच्या न दिलेल्या पगाराचा. तो कारखान्याकडून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो. या दोन तालुक्यांतल्या पिढ्यानपिढ्या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबल्या, म्हणून तो इथला विषय आहे. चौथा भाग नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानाचा: यादीत नाव लागतं, विशिष्ट क्रमांक पडतो, पण पुष्कळदा सेतू केंद्रात आधारचं प्रमाणीकरण झाल्याशिवाय रक्कम खात्यावर येत नाही. याशिवाय नगर परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांच्याकडे नळजोडणीच्या, गाळ्यांच्या, ठेकेदारांच्या अनामत रकमा असतात. त्या लहान, म्हणून त्यांच्याबद्दल इथे इतकंच.

बँकांतल्या दाव्याविना ठेवींचा गवगवा अधिक होतो. मार्च २०२४ अखेर त्यांची रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती आणि रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये त्यासाठी 'उद्गम' हे पोर्टल काढलं. बँकेतल्या ठेवीचं निदान असं की ठेवणाऱ्याने स्वतःच्या मर्जीने तिथे पैसे ठेवलेले असतात. भूसंपादनाचा मोबदला सरकारने माणसाची जमीन सक्तीने घेऊन आपल्याकडे ठेवलेला असतो. दोन्हींना एकच नियम लावणं चुकीचं आहे.

२. घ्यायला मेलेल्याचं नाव चालतं, द्यायला चालत नाही

महामार्गाच्या कायद्यातला क्रम नीट पाहावा. कलम ३अ खाली इरादा जाहीर होतो, २१ दिवसांत हरकती घ्यायच्या असतात, मग कलम ३ड ची अधिसूचना राजपत्रात निघते, आणि त्या क्षणी जमीन सर्व बोज्यांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते. त्या अधिसूचनेच्या तक्त्यात गट नंबर, क्षेत्र आणि जमीनधारकाचं नाव असतं. नाव सातबारावरून उचललेलं. ते नाव चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं असलं तरी निहित व्हायला काही अडत नाही. क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक होतं, आकार फुटतो, सातबारावर रस्त्याचं क्षेत्र वेगळं पडतं.

मग मोबदला द्यायची वेळ येते आणि तेच नाव अचानक अपुरं ठरतं. आता मृत्यूचा दाखला हवा, वारस नोंदीचा फेरफार हवा, सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी, प्रतिज्ञापत्र हवं, क्षतिपूर्ती बंधपत्र हवं. यातली प्रत्येक मागणी एकेकटी पाहिली तर वाजवी आहे. चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत, हे कोणीही मान्य करील. प्रश्न असा की इतकी काळजी जमीन घेताना कुठे होती? ज्या नोंदीच्या भरवशावर सरकारने माझी जमीन स्वतःच्या नावावर केली, ती नोंद पैसे देण्यासाठी भरवशाची नसेल, तर ती दुरुस्त करून घेण्याचं काम घेणाऱ्याचं आहे.

कायद्यानेही हे काम घेणाऱ्यावर टाकलं आहे, फक्त ते कोणी वाचत नाही. कलम ३ह म्हणतं की रक्कम जमा झाल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने ती हक्कदारांना लवकरात लवकर द्यायची, आणि अनेकजण हक्क सांगत असतील तर खरे हक्कदार कोण हे त्याने ठरवायचं. द्यायची, ठरवायचं: दोन्ही क्रियापदांचा कर्ता अधिकारी आहे. व्यवहारात मात्र कर्ता वारस झाला आहे. तो अर्ज करतो, हेलपाटे घालतो, त्रुटी पूर्ण करतो. कचेरी वाट पाहते.

नोटिशीचीही तीच गत. मोबदला ठरवण्याआधी दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यातल्या एकात स्थानिक भाषेत, जाहीर सूचना द्यावी लागते. स्थानिक म्हणजे जमिनीच्या जागेचं. पण मालक जमिनीपाशी राहतो हे गृहीतक पोलादपूरला लागूच पडत नाही. पार्ले किंवा लोहारे इथल्या गटाची सूचना रायगडात वाचल्या जाणाऱ्या पेपरात छापून येते तेव्हा त्या गटाचे निम्मे हिस्सेदार नालासोपारा, दिवा आणि भांडुपला असतात.

३. सातबारावर कोण आहे आणि कोण नाही

कोकणातला सातबारा देशावरच्या सातबारासारखा नसतो. क्षेत्र गुंठ्यांत आणि नावं डझनांत. वाटणी तोंडी झालेली, कोण कुठला तुकडा कसतो ते सगळ्या वाडीला माहीत, पण पोटहिस्सा मोजून घेण्याचा खर्च जमिनीच्या उत्पन्नापेक्षा जास्त. म्हणून कागदावर सगळं सामायिक. जुन्या नोंदींत आडनावच नसतं: 'राघो बिन धोंडू', 'सखू कोम बाळू'. नातवाच्या आधार कार्डावर आडनाव आहे, पण त्या आडनावाचा आणि राघो बिन धोंडूचा संबंध जोडणारा कागद कुठेच नाही. काही ठिकाणी थोरल्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलेलं असतं आणि धाकट्यांची नावं कधी चढलेलीच नसतात. मोबदल्याचा धनादेश त्या थोरल्या घरात जातो तेव्हा धाकट्यांना कळतं की कागदावर आपण नव्हतोच.

बायकांचं तर विचारूच नये. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने त्यातली शंका दूर केली. पण मुलगी लग्नानंतर सासरच्या नावाने जगते आणि सातबारावर लागलीच तर माहेरच्या नावाने. नाव टाकून शोधायच्या कोणत्याही पोर्टलवर ती सापडत नाही. पडून राहिलेल्या मोबदल्यात बहिणींचा वाटा किती, हे कोणी मोजलं तर मोठी गोष्ट बाहेर येईल असा माझा अंदाज आहे. पुष्कळ फायली एखाद्या बहिणीच्या सहीसाठी अडतात. पुष्कळ बहिणींना फाईल आहे हेच माहीत नसतं. आणि ज्यांना माहीत असतं त्यांच्याकडून हक्कसोडपत्र घ्यायची घाई असते.

या सगळ्याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायला हवं, हे खरं. पण ज्या जमिनीत वर्षाला दोन-चार मण भात व्हायचा, तिच्या वारस नोंदीसाठी गिरणीतली पाळी बुडवून पोलादपूरला यायला कोणाला परवडत होतं? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर तर ज्यांच्या हातचं काम गेलं त्यांना फेरफाराची आठवण कशी राहावी? नोंदी मागे पडल्या त्या या भागाच्या अर्थव्यवस्थेमुळे. मनिऑर्डरीवर चालणाऱ्या गावांनी आपली माणसं मुंबईला दिली. त्या शहराच्या उभारणीत त्यांचा वाटा मोजला जातो, आणि त्याच कारणाने त्यांच्या मुलांचा मोबदला अडतो.

४. गैरहजेरी म्हणजे वाद नव्हे

सगळ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर. समजा, एका गटातले तीन गुंठे महामार्गात गेले आणि मोबदला २४ लाख रुपये ठरला. सातबारावर चार भावांची नावं, समान हिस्सा. चौघेही वारले, त्यांच्या बायकाही हयात नाहीत. पहिल्याची पाच मुलं-मुली. दुसऱ्याचा एकच मुलगा, विरारला. तिसऱ्याची चार मुलं, त्यांतला एक वारला, त्याच्यामागे बायको आणि तीन मुलं. चौथा भाऊ संपानंतर मुंबईतून कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही.

हिशेब सरळ आहे. प्रत्येक शाखेला सहा लाख. पहिल्याच्या पाच वारसांना प्रत्येकी एक लाख वीस हजार. दुसऱ्याच्या मुलाला पूर्ण सहा लाख. तिसऱ्याच्या हयात तिघांना प्रत्येकी दीड लाख, आणि मृत मुलाच्या चार वारसांना प्रत्येकी साडेसदतीस हजार. तेरा माणसं, अठरा लाख रुपये, आणि या तेरा जणांत एका पैशाचंही भांडण नाही. सापडत नाही तो फक्त चौथा. पण व्यवहारात काय होतं? "सगळ्यांची संमती आणा" म्हटलं जातं. चौथ्याची संमती येणं शक्य नाही. म्हणून २४ लाखच्या २४ लाख पडून राहतात, आणि कागदावर नोंद होते: 'वारसांमध्ये वाद'.

वाद असेल तर अधिकाऱ्याचे हात बांधलेले आहेत, हे मला मान्य आहे. वाटपाचा वाद मुख्य दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनोद कुमार विरुद्ध मऊचे जिल्हाधिकारी या प्रकरणात स्पष्ट केलं की हिश्शांचा वाद महसूल अधिकाऱ्याने स्वतः निकालात काढायचा नाही. पण त्याच निकालाने हक्कदार कोण हे ठरवणं आणि हक्कदारांतलं वाटप ठरवणं या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. न आलेला माणूस भांडत नसतो. त्याचे सहा लाख बाजूला ठेवून बाकीचे अठरा लाख का देऊ नयेत? प्रत्येक शाखेचा निर्विवाद हिस्सा स्वतंत्रपणे द्यायचा आणि उरलेला व्याजाच्या ठेवीत ठेवायचा, एवढा एक बदल झाला तर पडून राहिलेल्या रकमेचा फार मोठा भाग मोकळा होईल. खरोखर भांडण आहे तिथे प्रकरण वेळेत न्यायालयात पाठवावं. अलिबागचं जिल्हा न्यायालय पोलादपूरपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथे वारसाने स्वतःहून पोचावं अशी वाट पाहणं म्हणजे प्रकरण न पाठवण्यासारखंच आहे.

बेपत्ता माणसासाठी सात वर्षांचं गृहीतक कायद्यात आहेच. आणि गरज पडली तर शासन त्याहून लवकर निर्णय घेतं, हे महाडने पाहिलं आहे. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. जे सापडू शकले नाहीत त्यांना सात वर्षं वाट न पाहता मृत मानलं गेलं, कारण त्यांच्यामागे राहिलेल्यांना मदत पोचायला हवी होती. ते योग्यच झालं. तिथे दाखवलेली जबाबदारी मोबदल्याच्या फायलीला का लागू नये?

५. मुदत कोणाच्या बाजूने धावते

सरकारी ठेवींबाबत एक नियम सामान्य माणसाला माहीतच नसतो. कोषागारातली महसुली ठेव तीन पूर्ण आर्थिक वर्षं कोणी मागितली नाही, तर मार्चअखेर ती 'व्यपगत' होऊन सरकारजमा होते. मालकाचा हक्क संपत नाही, पण आता परतावा मिळवायला महालेखापालांपर्यंतची वाट चालावी लागते. टपाल बचत, भविष्यनिर्वाह निधी यांतला निष्क्रिय पैसा सात वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो आणि तिथेही २५ वर्षं कोणी आलं नाही तर कायमचा केंद्राचा होतो. म्हणजे काळ जसा पुढे जातो तसा पैसा मालकापासून एकेक पायरी लांब जातो. शोधाची मात्र एकही पायरी वाढत नाही.

या प्रश्नावर न्यायालयाने फार पूर्वी, आणि तेही मुंबईच्या गिरणीच्या निमित्ताने, मूलभूत विचार केला आहे. मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियम १९५३ ने कामगारांना न दिलेले पगार मंडळाकडे वळवले. बॉम्बे डाइंग कंपनीने त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. त्यातला विचार आजही वाचण्यासारखा आहे: मुदत टळली म्हणून कर्ज नाहीसं होत नाही, आणि सोडून दिलेल्या मालमत्तेचा कायदा आधी खऱ्या मालकासाठी ती सांभाळण्याचा असतो, मालकाचा शोध न घेता, त्याला दावा करायची सोय न ठेवता पैसा घेणं म्हणजे ती मालमत्ता हिरावणं. पुढे कायदा दुरुस्त होऊन सूचना काढण्याची आणि दावे मागवण्याची तरतूद आली. हा पगार ज्यांचा होता त्यांत महाड-पोलादपूरचे किती होते, हे सांगायला नको.

अलीकडे २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात न्यायाधिकरणांत आणि कामगार न्यायालयांत पडून असलेल्या भरपाईची स्वतःहून दखल घेऊन निर्देश दिले: हक्कदारांचा ठावठिकाणा शोधण्याची मोहीम घ्या, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक त्यासाठी नेमा, पोलीस आणि महसूल यंत्रणेने मदत करावी. माझं सगळं म्हणणं या निर्देशात आहे. दावेदार आला नाही म्हणून न्यायालयाने त्याला दोष दिला नाही. पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांना उठून शोधायला लावलं. न्यायालयाने स्वतःच्या यंत्रणेला जे लागू केलं तेच प्रांत कचेरीला लागू करायला कुठलंही तत्त्व आड येत नाही.

६. आक्षेप

*दावा करायची मुभा आहेच की.* आहे. पण कागदावरची मुभा आणि हातातला हक्क यांत किती अंतर असतं ते महाडला कोणी शिकवायला नको. रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये झाला, महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला, आणि तरी ते पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, त्यासाठी मार खावा लागला. त्या संग्रामाची आणि मोबदल्याच्या फायलीची बरोबरी कोणी करू नये. पण ठराव करून मोकळं होणाऱ्या संस्थेची जबाबदारी तिथे संपते का, हा प्रश्न याच गावात विचारला गेला आहे.

*शोधत गेलात तर बोगस वारस उभे राहतील.* धोका खरा आहे. पण बोगस माणूस गुप्ततेत वाढतो. कोणत्या गटाचे किती पैसे पडून आहेत ही माहिती आज फायलीत आहे. वारसाला ती दिसत नाही, आणि टक्केवारीवर काम करणाऱ्या दलालाला मात्र ती कशी कोण जाणे मिळते. मग तो विरारच्या घरी जाऊन कुलमुखत्यारपत्रावर सही घेतो. यादी चावडीवर लागली तर पहिली हरकत गावातूनच येईल, कारण कोण कोणाचा हे गावाला तोंडपाठ असतं. अमेरिकेतली राज्यं अशी नावं खुली ठेवतात आणि त्यांतल्या अनेकांनी वारस शोधून देणाऱ्यांच्या टक्केवारीवर मर्यादा घातली आहे. इलिनॉय राज्याचं कोषागार तर कराच्या नोंदींशी नावं ताडून, आधी पत्र पाठवून, लहान रकमा अर्जाविना घरपोच देतं. कॅलिफोर्नियाला मात्र न्यायालयाचा दणका बसावा लागला: मालकाला नीट कळवल्याशिवाय मालमत्ता ताब्यात घ्यायला २००७ मध्ये मनाई झाली आणि विधिमंडळाला आधी पत्र पाठवण्याची तरतूद करावी लागली. आपल्याकडे यादीत नाव, गाव आणि गट नंबर असावा; रक्कम छापू नये. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला किती लाख येणार हे गावभर करणं घातक आहे.

*माणसं कुठून आणायची?* ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, आधीच अनेक गावांचा सजा असतो, हे नाकारता येत नाही. तरी २०२५ च्या एप्रिलपासून महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर राबवली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. म्हणजे हे काम सरकार स्वतःहून करू शकतं, हे सरकारनेच दाखवलं. माझी मागणी एवढीच की त्या मोहिमेत पहिला क्रम संपादित गटांना द्यावा. आणि माणसं शोधायचं म्हणाल तर गावोगावची मुंबईतली ग्रामस्थ मंडळं आहेत. त्यांच्या वहीत प्रत्येक घराची वर्गणी, प्रत्येकाचा फोन, कोण डोंबिवलीला गेला आणि कोणाची मुलगी कुठल्या गावी दिली, सगळं असतं. शिमग्याची पालखी कोणाच्या दारात थांबते त्यावरून घराणं ओळखता येतं. सातबारापेक्षा ही वही जास्त ताजी असते. प्रशासनाने या मंडळांना अधिकृतपणे एक पत्र लिहायला काय हरकत आहे? वारस चौकशीच्या सुनावण्या गौरी-गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत गावातच ठेवल्या तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल. एरवीच्या मंगळवारी-बुधवारी मुंबईकराला बोलावून तो आला नाही म्हणून शेरा मारण्यात काही अर्थ नाही.

*शेवटी हा पैसा लोककल्याणालाच लागतो ना?* हा आक्षेप मला सगळ्यात जास्त खटकतो. पोलादपूरच्या विधवेच्या साडेसदतीस हजारांतून राज्याचं कल्याण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिची जमीन सार्वजनिक कामासाठी आधीच घेतली आहे. मोबदलाही तिथेच ठेवून घेतला तर तिने दोनदा दिलं असं होतं. मूलभूत हक्कांतून काढलेला मालमत्तेचा हक्क संविधानाच्या कलम ३०० अ ने जिवंत ठेवला आहे. २०२० मध्ये विद्या देवी प्रकरणात, १९६७-६८ साली रस्त्यासाठी घेतलेल्या जमिनीचा मोबदला हिमाचल प्रदेशातल्या एका वृद्ध विधवेला देताना सर्वोच्च न्यायालयाने राज्याची 'फार उशीर झाला' ही सबब ऐकली नाही.

७. तोवर वारसाने काय करावं

व्यवस्था बदलेपर्यंत हात जोडून बसता येत नाही. आधी महाभूलेखवरून आपल्या गावचा सातबारा आणि आठ-अ काढावा. आजोबा-पणजोबांच्या नावाने, आडनावाविना आणि 'बिन'सह शोधावा. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. नात्याची साखळी जोडायला तेच लागतात. गट महामार्गात गेला असेल तर कलम ३ड च्या राजपत्रातला तक्ता आणि निवाड्याची नक्कल मागावी. निवाड्यात गटवार रक्कम असते. मिळत नसेल तर माहिती अधिकाराखाली त्या भूसंपादन प्रकरणातल्या अदत्त रकमांची यादी मागावी. खरं तर २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती न मागता प्रसिद्ध व्हायला हवी. अर्ज करताना स्वतःच्या शाखेचा हिस्सा वेगळा लिहावा, आणि त्या हिश्शाबद्दल कोणाचीही हरकत नसल्याचं नमूद करून तेवढीच रक्कम मागावी. नाकारली तर नकार लेखी घ्यावा. मोबदलाच कमी ठरला असं वाटत असेल तर तो वेगळा रस्ता आहे, लवादाचा. त्यासाठी ठरलेली रक्कम उचलायचं थांबू नये, हरकत राखून उचलावी. बहिणींची नावं पहिल्याच अर्जात घालावीत. त्या नंतर उभ्या राहतील या भीतीने त्यांना वगळणं बेकायदा आहे, आणि फाईल पुन्हा अडायचं ते हमखास कारण आहे.

८. पुढच्या मोजणीआधी

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण पूर्ण होतं न होतं तोच कोकणात नव्या द्रुतगती मार्गाची आखणी चालू झाली आहे. पुन्हा संयुक्त मोजणी होईल, पुन्हा तक्ते निघतील. या वेळी क्रम बदलायला हवा. ज्या गटातून रस्ता जाणार तिथली वारस चौकशी कलम ३अ च्या अधिसूचनेआधी किंवा निदान संयुक्त मोजणीबरोबर पूर्ण व्हावी, तिचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा, आणि ३ड च्या तक्त्यात मृत खातेदाराच्या नावापुढे त्याचे ज्ञात वारस लिहिणं बंधनकारक करावं. न दिलेली रक्कम पहिल्या दिवसापासून व्याजाच्या ठेवीत जावी आणि ते व्याज हिस्सेदाराचं मानावं, प्रकल्पाचं नव्हे. दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक प्रांत कचेरीने गावनिहाय अदत्त यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि त्या गावच्या मुंबई मंडळाला द्यावी, आणि प्रत्येक नावापुढे एक रकाना ठेवावा: या वर्षी याला शोधण्यासाठी काय केलं.